दोन जिल्ह्यांसाठी वितरक नेमणे आहे

ब्रह्मपुरीच्या बसस्टँडवर सुरेंद्र नागपुरेला त्याचं स्वतःचं नाव भेटलं. मुतारीच्या भिंतीवर, गुलाबी कागदावर, आणि मागची खळ अजून ओली होती. पोस्टर मंडईचं, म्हणजे गावच्या जत्रेचं होतं: दुपारी उद्घाटन, रात्री नाटक. झाडीपट्टीत नाटकाला पात्रं आठ-नऊ असतात आणि पोस्टरवर मान्यवर तीस-पस्तीस. उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, उपाध्यक्ष, दीपप्रज्वलक, आणि ज्याचं कशातच बसत नाही पण वगळलं तर वर्षभर बोलणार नाही, अशांसाठी 'प्रमुख उपस्थिती'. सुरेंद्र सहउद्घाटकांत होता. 'मा. डॉ. सुरेंद्रजी नागपुरे, इंजेक्शनवाले, पुणे.' तो डॉक्टर नव्हता. पुण्याचाही नव्हता, ज्या गावची ही मंडई, त्याच गावच्या तळ्याकाठी तो जन्मला होता, आणि पुण्याला दोनदाच गेला होता, एकदा नोकरीसाठी आणि एकदा तिथं विसरलेली छत्री आणायला. इथपर्यंत त्याला फारसं काही वाटलं नाही. माणसाचं नाव छापायला गेलं की ते त्याचं राहत नाही, एवढं त्याला ठाऊक होतं. पण खाली जाड अक्षरांत होतं: 'सौजन्य – देवानंद बोरकुटे, अधिकृत वितरक, चंद्रपूर-गडचिरोली.' आणि वर, सगळ्यांच्या वर, गणपतीच्या लगेच खाली: 'अध्यक्ष – मा. श्री. मुखरूजी नागपुरे.' मुखरू म्हणजे त्याचा बाप. वितरक तर अजून नेमलाच नव्हता. नेमायचं काम सुरेंद्रचं होतं, त्यासाठी तो उन्हाळ्यापासून दोन जिल्हे पालथे घालत होता, आणि पोस्टरनं ते एका सकाळीत उरकून टाकलं होतं. त्यानं चहाचा कप खाली ठेवला. मग लगेच उचलला, कारण तो शेजारच्या बाईच्या थैलीवर ठेवला गेला होता आणि बाई त्याच्याकडं बघत होती.

जी वस्तू विकायला वितरक हवा होता ती समजायला सोपी होती. जुन्या पेट्रोल गाडीचा कार्बोरेटर काढायचा, त्या जागी पेट्रोलचा बारीक फवारा, म्हणजे इंजेक्शन, मारणारा पुण्याच्या कंपनीचा संच बसवायचा, आणि सीटखाली एक काळा डबा. फवारा किती आणि केव्हा, ते डबा ठरवणार. नव्या गाड्यांत हे कारखान्यातूनच येऊ लागलं होतं. मग जुन्या गाडीवाल्यानं काय घोडं मारलं, असं कंपनीचं म्हणणं होतं आणि ते चकचकीत कागदावर रंगीत छापलेलं होतं. डबा पुण्यात तपासला होता, पावसात तपासला होता, महाबळेश्वरच्या थंडीत तपासला होता. चंद्रपूरच्या मे महिन्यात तो फक्त सुरेंद्रनं तपासला. वीजकेंद्राच्या ऊर्जानगर वसाहतीतल्या क्वार्टरांपुढून कंपनीच्या मारुती व्हॅनमध्ये दोन इंजिनीयर, एकाची बायको आणि तिचा कुत्रा यांना बसवून तो निघाला आणि दुसऱ्या वळणावर गाडी उभी राहिली. त्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखालीच असतं. खाली ते, बाहेर सत्तेचाळीस डिग्री, आणि दोघांच्या मध्ये डबा. डब्यानं ठरवणं सोडून दिलं. सुरेंद्रनं गळ्यातला दुपट्टा बाटलीतल्या पाण्यात भिजवला आणि तापलेल्या लेकराच्या कपाळावर पट्टी ठेवतात तसा डब्यावर पसरला, आणि ताप उतरेपर्यंत सगळे कडुलिंबाखाली उभे राहिले. ताप उतरला, गाडी निघाली, पुढच्या वळणावर ताप पुन्हा चढला. तिसऱ्या वळणावर कुत्रा आपणहून उतरून घराकडं चालू लागला. सुरेंद्रनं पुढं डबे बदलून पाहिले. सगळे एकाच आईचे. पुण्याला फोन केला तेव्हा कंपनीतले टिळेकर साहेब शांतपणे म्हणाले, "नागपुरे, ग्राहकांना गाडी सावलीत लावायला सांगा." "सर, गाडी चालताना बंद पडते." "तेच म्हणतोय मी. चालवताना सावली बघा म्हणावं." सुरेंद्रनं त्या दिवशी रिसीव्हर ठेवल्यावर बूथच्या काचेतून रस्त्याकडं पाहिलं होतं. वरोऱ्यापर्यंत सरळ, पांढरा, एक झाड नाही असा रस्ता. त्या रस्त्याकडं बघत त्यानं वितरकाच्या कराराचा कोरा कागद घडी घालून पिशवीच्या तळाशी ठेवला होता.

कारण पद्धत अशी होती की वितरकानं पहिला माल रोखीनं उचलायचा, आणि एकदा उचललेला माल कंपनी परत घेत नव्हती. म्हणजे सुरेंद्रला खरं तर वितरक निवडायचा नव्हता. येत्या एप्रिल-मेमध्ये ज्याच्या दुकानापुढं लोक बंद गाड्या ढकलत आणतील, ज्याच्या सात पिढ्या काढतील, आणि ज्याला 'सावली बघा' म्हणावं लागेल, असा एक माणूस दोन जिल्ह्यांतून शोधायचा होता. जानेवारी संपेपर्यंत नेमणूक झाली नाही तर नोकरी गेली, आणि त्याच्या जागी येणारा माणूस पहिल्या दिवशी पहिल्या हात वर करणाऱ्याला नेमून मोकळा होणार होता. सुरुवातीला सुरेंद्रनं चांगली माणसं बघितली, शिकवलं होतं तशी: बाजारात पत असलेली, दुकान रस्त्यावर असलेली. मे महिन्यानंतर तो उलटं बघू लागला. एखाद्या दुकानदाराकडं जायचा, पाणी प्यायचा, आणि मनात विचारायचा, ह्याचं वाईट करायला माझा हात धजेल का? गडचिरोलीतला एक टायरवाला त्याला पहिल्या भेटीत फार आवडला, कारण तो गिऱ्हाइकावर ओरडत होता. दुसऱ्या भेटीत तो लेकीची वेणी घालताना सापडला आणि नापास झाला. तीन माणसं अशी नापास झाली, सगळी चांगुलपणावर.

आणि गोकुळाबाई चटप. कोरपन्याला तिचं स्पेअर पार्टचं दुकान. नवरा गेल्यावर तिनंच वाढवलेलं. तिनं त्याच्याआधीच ठरवून टाकलं होतं. एजन्सी घ्यायची म्हणून दुकानातली एक भिंत रिकामी करून, रंगवून ठेवली होती, निळी. त्या निळ्या भिंतीसमोर स्टुलावर बसून त्यानं रंगीत कागद उलगडला, आणि ती सगळं ऐकून म्हणाली, "साहेब, एकच सांगा. हे बिघडलं तं कोनाले सांगाचं?"

"कंपनीला."

"कंपनी कुठी बसते?"

"पुण्याला."

"म्या इथलं इचारलं नं जी. इथी कोनाले सांगाचं?"

त्यानं चहा प्यायला. चहा संपलेला होता तरी प्यायला. ती वाट बघत होती, रागानं नाही, फळकुटावर चिकटलेला रंग नखानं काढत. प्रश्न काही अवघड नव्हता. इथं राहणारा कुणीही माणूस कुठलीही वस्तू घेताना हाच विचारतो, म्हशीपासून जावयापर्यंत. बसमध्ये परत येताना मात्र तो प्रश्न त्याच्या शेजारी खिडकीपाशी बसून आला, आणि चंद्रपूरला त्याच्या आधी उतरला.

आता स्टँडवरच्या बूथवरून त्यानं तिलाच फोन लावला. खरं सांगून टाकायचं. पोस्टरसमोर उभं राहून खरं बोलायला त्याला का सोपं वाटलं ते त्यालाही कळलं नाही. भिंतीवर एवढं खोटं एकदम लिहिलेलं असलं की आपल्याकडचं एक खरं हलकं वाटत असावं. "बाई, एजन्सी घेऊ नका," तो म्हणाला, "डबा उन्हात बंद पडतो."

"गावात पोस्टर कालच पाह्यलं माह्या भावानं," गोकुळाबाई म्हणाली. तिचं माहेर इकडचंच. मंडईला ती दरवर्षी यायची. "बोरकुट्याले देल्ली तं देल्ली, तसं सांगा. डबा कायले बदनाम करता?"

"नाही हो बाई, खरंच बंद पडतो."

"मंग बोरकुट्याले कायले देऊन राह्यले? त्याच्या घरी ऊन नाई पडत काय?"

त्यानं रिसीव्हर ठेवला. तो बूथमधून बाहेर आला तर समोर देवानंद बोरकुटे उभाच, मोटारसायकलला टेकून, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. देवानंद धानाच्या मोटारपंपांपासून लुनाच्या ब्रेकवायरपर्यंत काहीही विकायचा आणि मंडईच्या समितीचा प्रमुख होता. "पाह्यलं का पोस्टर, डॉक्टरसाहेब? बाबूजीचं नाव वर घेतलं. गनपतीच्या खालीच."

"देवानंदभाऊ, मी अजून कोणालाच नेमलं नाही."

"हो नं. नेमान नं मंडईत, माईकवर. पोस्टर आधी चिकटवा लागते, खळ वाया जाते नाई तं."

"डबा उन्हाळ्यात बंद पडतो."

देवानंदनं इकडंतिकडं पाहिलं, जवळ आला आणि आवाज उतरवून म्हणाला, "किती?"

"किती काय?"

"आता असं बोलून राह्यले म्हंजे काहीतरी कमी पडून राह्यलं असन. मोकळं बोला."

सुरेंद्र त्याच्याकडं बघत राहिला. गेल्या उन्हाळ्यापासून तो ज्या माणसाच्या शोधात होता तो हाच, हे त्याला स्वच्छ दिसलं: हात धजेल असा. गोड बोलणारा, आधी छापून मग विचारणारा, खरं ऐकलं की त्याचा भाव विचारणारा. ह्याच्या दुकानापुढं मे महिन्यात गाड्यांची रांग लागली तर सुरेंद्रला झोप लागेल, थोडी का होईना. त्याचं मन जवळजवळ बसलं होतं. तेवढ्यात देवानंद म्हणाला, "बाबूजीले सांगतलं मी काल. लय खूश झाले. मले म्हनले, या टायमाले बकरी बांधून ठेवजा म्हना." आणि हसला, आणि ते हसणं साधं होतं, त्यात विकायला काही नव्हतं. सुरेंद्रचं मन पुन्हा उठून उभं राहिलं.

बकरीची गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. बाराएक वर्षांपूर्वी मुखरूचं नाव पोस्टरवर पहिल्यांदा आलं होतं, 'प्रमुख उपस्थिती'त, शेवटून दुसरं. मुखरू तळ्यावर जाळं टाकणारा माणूस, त्याला वाचता येत नव्हतं, पण आपलं नाव कुठं आहे ते त्यानं विचारून घेतलं होतं आणि मंडईच्या दिवशी अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून ते बघायला गेला. तोवर पोस्टरचा खालचा भाग बकरीनं खाल्ला होता. खळीची चव असते त्याला. वरचे सगळे मान्यवर शाबूत. बरोब्बर 'प्रमुख उपस्थिती' गेली. मुखरू तसाच घरी परतला. पण पुढं बरेच दिवस ती बकरी रस्त्यात दिसली की तो थांबायचा, तिच्याकडं बघायचा, आणि एकदा सुरेंद्रला म्हणाला होता, "हिच्या पोटात आहो मी." सुरेंद्र तेव्हा कॉलेजात होता आणि त्याला त्याची लाज वाटली होती, बापाची की बकरीची ते आता सांगता येत नव्हतं. आणि बकरी आठवली की तळ्याची गोष्टही लगेच मागून यायची, ओल्या जाळ्याचा वास घेऊन. मच्छीमार सोसायटीच्या तळ्यातली मासळी जाळ्यानं काढली की ती पळसाच्या पानांवर ओतायची आणि तिचे वाटे पाडायचे. ते काम मुखरूचं. त्याचा हात बरोबर होता. ह्या वाट्यातली मरळ त्यात, त्यातला रोहू ह्यात, असं सारखं करत करत तो उकिडवा पुढं सरकायचा. मग एकजण सगळ्या वाट्यांकडं पाठ करून उभा राहायचा, तळ्याकडं तोंड करून, दुसरा काठी एका वाट्यावर टेकवून विचारायचा, "हा कोनाचा?" पाठमोरा एक नाव घ्यायचा. हा लच्छूचा. हा भागीरथाचा. कोणी कोणाला काही दिलं नाही, कोणी काही हिसकावलं नाही. भांडायला पाठ तेवढी असायची आणि पाठीशी कोण भांडणार. आणि ज्यानं वाटे पाडले त्याचं नाव त्यात नसायचं. बाकीच्यांचे वाटे सारखे करून जे उरलं ते त्याचं. मग मुखरू उभा राहून, कमरेवर हात ठेवून, दरवेळी तेच विचारायचा, "कोनाचा राह्यला काय जी?" कोणी बोललं नाही की उरलंसुरलं दुपट्ट्यात बांधून घरी. उरल्यासुरल्यात काटे, चिखल, कधी बेडूक. आई दारातच गाठोडं सोडायची आणि म्हणायची, "आज बी बेंडूक आनला का?" आणि बाप म्हणायचा, "वाटे म्या पाडले नं." सुरेंद्रला लहानपणी वाटायचं, आपला बाप भोळा आहे. कंपनीत लागल्यावर ट्रेनिंगमध्ये त्यांना 'वितरण' ह्या विषयावर दोन दिवस शिकवलं, चित्रं दाखवली, बाण दाखवले. बाण सगळे कंपनीकडून बाहेर जात होते. त्या दोन दिवसांत बेडूक कुठंच आला नाही.

मंडईच्या दुपारी ऊन कोवळं होतं, जानेवारीचं, अंगावर घ्यावंसं. गावात पाहुणे, बांगड्यांची दुकानं, पाळणा, सगळ्यांच्या लेकी माहेरी आलेल्या. स्टेजवर खुर्च्या पस्तीस नव्हत्या, म्हणून मान्यवर दाटीनं बसले होते आणि प्रमुख उपस्थिती उभी होती. मुखरू मधल्या खुर्चीत, धुतलेलं धोतर, खांद्यावर दुपट्टा, दोन्ही हात गुडघ्यांवर, फोटो काढताना बसतात तसा. फोटो कोणी काढत नव्हतं. स्टेजच्या कोपऱ्यात एक अखंड पोस्टर लावलेलं होतं आणि तो अधूनमधून तिकडं बघत होता, ते आहे ना म्हणून. टेबलावर देवानंदनं सुरेंद्रकडच्या नमुन्यांतला एक काळा डबा ठेवला होता आणि त्याला झेंडूचा हार घातला होता. डब्याचा जुळा भाऊ खाली मैदानात देवानंदच्या व्हॅनमध्ये बसवलेला. व्हॅन स्टेजपुढून तीनदा फिरली, एकदाही अडखळली नाही, एकेका फेरीला टाळ्या. सुरेंद्रला वाटलं, हा डबा खोटारडा नाही, हाच त्याचा त्रास आहे. थंडीत तो मनापासून चालतो. पहिल्याच रांगेत, बायकांत, गोकुळाबाई बसली होती, हाताची घडी घालून. तिच्याकडं न बघायचं त्यानं ठरवलं आणि तो तिच्याकडंच बघत राहिला. एखाद्यानं आपल्यावर विश्वास ठेवलेला असला की त्याचं तोंड वेगळं दिसतं. आणि काढून घेतला की ते अगदी बाकीच्यांसारखं दिसतं, एवढंच. निवेदक ओरडला, "आता आपले डॉक्टरसाहेब वितरकाची घोषना करतीन!" आणि सुरेंद्रच्या हातात माईक आला. माईक गार होता. त्याला तळ्याकडं तोंड करून उभं राहावंसं वाटलं, पण तळं स्टेजच्या मागं होतं आणि लोक पुढं.

"हा डबा उन्हाळ्यात बंद पडतो," तो माईकवर म्हणाला.

टाळ्या पडल्या. मंडईत माईकवरच्या पहिल्या वाक्याला टाळ्या पडतातच. देवानंदही वाजवत होता. "खरंच बंद पडतो," सुरेंद्र म्हणाला, आणि आणखी टाळ्या पडल्या, आणि मागून कोणीतरी ओरडलं, "उन्हाळ्यात तं लाईट बी बंद पडते, काऊन घाबरता साहेब!" हशा झाला. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की खरं सांगणं हा ह्यातला उपाय नाही. ते त्यानं फोनवर, स्टँडवर आणि आता माईकवर सांगून झालं होतं, आणि ते जिथं गेलं तिथं त्याचं काहीतरी वेगळंच होत होतं, पोस्टरवर गेलेल्या नावासारखं. वाटे त्यानं पाडले होते. उन्हाळ्यापासून तेच तर करत होता, उकिडवा पुढं सरकत, कोरपना ते गडचिरोली. उद्या सकाळी टिळेकर साहेब अभिनंदन करतील आणि पगार थांबवतील, बहुधा याच क्रमानं. पहिला माल रोखीनं उचलायला साठवलेले पैसे जातील. मे महिन्यात लोक गाड्या ढकलत ढकलत येतील. त्याला एकदम भूक लागल्यासारखं झालं.

"चंद्रपूर-गडचिरोलीचा वितरक," तो म्हणाला, "मी."

ह्या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. लोकांनी हे मात्र नीट ऐकलं. मग हळूहळू सगळ्यांच्या चेहऱ्यावर समजल्याचं आलं, मैदानभर, धानाच्या बांधीत सोडलेल्या पाण्यासारखं. "घरच्या घरात ठेवली बापा एजन्सी!" एकजण म्हणाला, कौतुकानं. "चांगला माल कोन सोडते." देवानंदनं टाळीसाठी उचललेले हात तसेच धरून विचारलं, "हेच कराचं होतं तं माह्या नावानं पोस्टर कायले चिकटू देल्लं जी?" आणि त्याच्या आवाजात खरंच दुःख होतं. हात धजेल असं ज्याला समजलो होतो, त्याला आपण वाचवलं आणि तो रडकुंडीला आला, हे सुरेंद्रला थोडं गमतीचं वाटलं, पण हसायची वेळ नव्हती. गोकुळाबाई उठून स्टेजपाशी आली होती. मान वर करून ती म्हणाली, "म्हून मले भेव दाखवून राह्यले होते का, डबा बंद पडते म्हून? निळी भिंत वाया गेली माही. सरळ सांगाचं होतं, मीच घेतो म्हना."

"तेव्हा ठरलं नव्हतं, बाई."

"ठरलं नव्हतं." तिनं ते वाक्य उलटंपालटं करून बघितलं, वांगं बघतात तसं. मग वळली, दोन पावलं गेली, आणि पुन्हा फिरली. दुकानदारीण होती, राग बाजूला आणि विचारायचं ते विचारायचंच. "आता माहं एखादं गिऱ्हाईक तुमच्याइथून घेऊन गेलं नं ते बिघडलं, तं इथी कोनाले सांगाचं?"

"मले," सुरेंद्र म्हणाला.

पुण्याची भाषा कधी सुटली ते त्याला कळलं नाही. ती "बरं" म्हणाली आणि बायकांत जाऊन बसली. निवेदकानं घाईघाईनं जाहीर केलं की आता अध्यक्षीय भाषण. मुखरूनं जन्मात माईक धरला नव्हता. तो उठला, पोस्टरकडं एकदा पाहिलं, लेकाकडं पाहिलं नाही. टेबलापाशी आला, माईक बाजूला सारला आणि कमरेवर हात ठेवून, तळ्याच्या पलीकडच्या काठाला ऐकू जाईल अशा आवाजात मैदानाला विचारलं, "कोनाचा राह्यला काय जी?"

कोणी बोललं नाही. सगळे भाषणाच्या पुढच्या वाक्याची वाट बघत होते. मुखरूनं जरा वेळ थांबून पाहिलं, रीतीप्रमाणं. मग डब्यावरचा हार काढून देवानंदच्या हातात दिला, खांद्यावरचा दुपट्टा टेबलावर पसरला, डबा त्यात ठेवून चारी टोकांची गाठ मारली आणि ते गाठोडं घेऊन तो स्टेजच्या पायऱ्या उतरला, घराकडं निघाला. जानेवारीचं ऊन होतं. दुपट्टा ओला करायची गरज नव्हती.